मदत हवी आहे: मेल मर्जचा मॅक्रो दुसऱ्याच पत्राला अडतो

मंडळी, सोसायटीच्या थकबाकीच्या ८४ नोटिसा काढायच्या आहेत. यादी एक्सेलमध्ये, पत्र वर्डमध्ये. साधं मेल मर्ज (यादीतली नावं-आकडे पत्रात आपोआप भरणं) बिनबोभाट होतं, पण प्रत्येक फ्लॅटची वेगळी पीडीएफ हवी म्हणून मॅक्रो, म्हणजे वर्डकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, जुळवला (खरं सांगायचं तर इकडूनतिकडून ढापला).

ए-१०१ ची पीडीएफ झकास निघते. ए-१०२ ला लगेच 'रन-टाइम एरर ५८५२, रिक्वेस्टेड ऑब्जेक्ट इज नॉट अव्हेलेबल'. डीबग दाबलं की 'ॲक्टिव्हडॉक्युमेंट.मेलमर्ज.डेटासोर्स'ची ओळ पिवळी. एफ ८ दाबत एकेक ओळ चालवून पाहिली, तर एक्झिक्यूटनंतर (मर्ज करणारी ओळ) समोर मूळ पत्र नसतंच. 'लेटर्स१' नावाचं नवं डॉक्युमेंट उघडलेलं असतं. माझा संशय असा, की मॅक्रो आता त्यालाच ॲक्टिव्ह धरतो आणि त्याला यादी जोडलेलीच नाही.

मग मूळ पत्र सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये (मॅक्रोतल्या एका नावाखाली) पकडून ठेवावं, की दर फेरीला 'लेटर्स'वालं सेव्ह न करता बंद केलं तरी भागेल? तुम्ही काय करता?

जाता जाता: एक्सेलमधले २३५०.६० पत्रात २३५०.५९९९९९९ असे येतात. सभासद आधीच पैशापैशावरून भांडतात हो! रविवारी नोटिसा वाटायच्या आहेत.