ऐप्टेशियातली झूझँथेली मोजायची आणि ओळखायची कशी? (नाशिक, एम.एस्सी. प्रकल्प)

गंगापूररोडकर:
तापमान वाढलं की सहजीवी शैवालाची (झूझँथेलीची) संख्या किती घटते, हा प्रकल्पाचा विषय. खाऱ्या टाकीत लाइव्ह रॉकवर (जिवंत सूक्ष्मजीव असलेल्या दगडांवर) ऐप्टेशिया, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातली छोटी समुद्रपुष्पं, भरपूर आहेत. हाताशी ४०× चा सूक्ष्मदर्शक, न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच), सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. मोजणी कशाच्या प्रमाणात मांडायची? शैवाल सी गटातलं आहे की डी गटातलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळेल का? शिवाय मालवणहून खऱ्या प्रवाळाचा छोटासा तुकडा आणला तर चालेल का?

खारंपाणी:
मालवण आधी डोक्यातून काढा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. ऐप्टेशिया या कामासाठी उत्तम. जगभरच्या प्रयोगशाळा तेच वापरतात.

एक पूर्ण प्राणी १ मिली गाळलेल्या खाऱ्या पाण्यात होमोजिनाइझरने बारीक करा. बारीक सुईच्या सिरिंजमधून चार-पाच वेळा ओढून सोडा, नाहीतर चिकट श्लेष्म्यामुळे पेशींचे गठ्ठे होतात आणि मोजणी कोसळते. सेंट्रिफ्यूजमध्ये ८०० जी (गुरुत्वबलाच्या ८०० पट) वर ५ मिनिटं फिरवा. वरचं द्रव प्राण्याचं. ते प्रथिनासाठी वेगळं काढून गोठवा. खालचा तपकिरी थर म्हणजे शैवाल. तो ०.०१ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट) घातलेल्या खाऱ्या पाण्यात पुन्हा मिसळा आणि आणखी एकदा फिरवून धुवा. प्रथिनाचा नमुना एसडीएस घालण्याआधीच काढायचा, कारण प्रथिन मोजायच्या ब्रॅडफर्ड चाचणीत एसडीएस आकडा बिघडवतं.

चेंबरचा १ चौ.मिमी चौकोन ०.१ मिमी खोल, म्हणून सरासरी × १०,००० = प्रति मिली. चौकोनी सरासरी ६० आली तर ६ लाख प्रति मिली. अर्धा मिली द्रव असेल तर एकूण ३ लाख. त्याला त्याच प्राण्यातल्या एकूण प्रथिनाने (मिग्रॅ) भागा. प्राण्यांची उंची किंवा वजन घेऊ नका, पाणी भरलं की ऐप्टेशिया क्षणात दुप्पट दिसतो. प्रत्येक नमुन्याची सहा-आठ मोजणी करा.

आणि फक्त पेशी मोजून थांबू नका. प्राणी पांढरा पडतो तो पेशी गेल्या म्हणून किंवा पेशीतलं हरितद्रव्य घटलं म्हणून. ही दोन कारणं वेगळी ओळखायला हवीत. पेशींचा काही भाग शुद्ध ॲसिटोनमध्ये ४ अंशांवर अंधारात रात्रभर ठेवा, ६६३ आणि ६३० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण वाचा (खाली कंसात तेच आकडे). क्लोरोफिल ए = ११.४३×(६६३) − ०.६४×(६३०); क्लोरोफिल सी२ = २७.०९×(६३०) − ३.६३×(६६३). उत्तर मायक्रोग्रॅम प्रति मिली येतं. लुगोल आयोडीन घातलेला नमुना यासाठी वापरू नका.

सूक्ष्मजीवी:
सी आणि डी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत. सगळ्या गोल, तपकिरी, साधारण ६ ते १२ मायक्रोमीटरच्या पेशी. २०१८ पासून जुन्या गटांना स्वतंत्र प्रजाती (जीनस) म्हणतात: ए सिम्बायोडिनियम, बी ब्रेव्हिओलम, सी क्लॅडोकोपियम, डी ड्युरुसडिनियम. प्रयोगशाळांतल्या ऐप्टेशियात बहुतेक ब्रेव्हिओलम मिनुटम असतो. तुमच्या टाकीतला तोच, असं मात्र धरून चालू नका.

नक्की हवं तर डीएनए काढून आयटीएस-२ या डीएनएच्या तुकड्याचा क्रम वाचून घ्या. पेशीभित्ती चिवट, म्हणून मण्यांनी फोडून मगच पुढे जा. एका पेशीत या तुकड्याच्या शेकडो प्रती असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. वेगळे चार क्रम मिळाले म्हणून चार जाती, असं लिहिलं की परीक्षक तिथेच अडवणार.

प्रस्तावनेत "डी म्हणजे उष्णतारोधक" एवढंच लिहू नका. २००६ च्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या अभ्यासात अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळाला डी मुळे १ ते १.५ अंश जास्त उष्णता सोसली, हे खरं. पण २००४ च्या प्रयोगात सी घेतलेली अ‍ॅक्रोपोराची पिल्लं डी वाल्यांच्या २ ते ३ पट वेगाने वाढली, आणि २००८ मध्ये अ‍ॅक्रोपोरा टेनुइसमध्ये सी१ (सी चाच उपप्रकार) जास्त टिकला. प्रवाळ कोण, शैवाल कोणतं, ही जोडी बघायची.

गंगापूररोडकर:
धन्यवाद, मॅडम. नियंत्रण टाकी २६ वर आणि प्रयोगाची ३२ वर ठेवली तर?

खारंपाणी:
तुमचा खरा घोळ नियंत्रण टाकीत होईल. नाशिकच्या एप्रिलमध्ये बंद खोलीत ती हीटरशिवायच ३० च्या वर जाते. मग दोन्ही टाक्या गरम, तुलना संपली. पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपली हवा त्या दिवसांत कोरडी, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. त्याने भागत नसेल तर चिलर, किंवा प्रयोग डिसेंबरात. पंखा चालू असताना उडालेलं पाणी आरओच्या गोड पाण्यानेच भरा. खारं ओतलं तर क्षारता चढत जाते आणि तुम्ही तापमानाऐवजी मिठाचा परिणाम मोजत बसाल. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता रोज ३५ (दर हजारी) आहे ना बघा. नळाचं पाणी थेट नको, क्लोरीन असतं.

३२ पर्यंत रोज १ अंशाने चढा. दोन्ही टाक्यांवर दिवा तोच, १२ तास उजेड. उजेड वाढला की त्याच तापमानालाही जास्त पांढरं पडतं. पेशींचं विभाजन दिवसाच्या ठराविक वेळी वाढतं, म्हणून नमुने रोज एकाच वेळी घ्या.