कॅनडातल्या विनिपेगचा फ्लडवे: 'वाया गेलेला खड्डा' म्हणणाऱ्यांसाठी

उत्तरवाहिनी:
काल इथे फ्लडवेबद्दल, म्हणजे रेड नदीच्या पुराचं पाणी विनिपेग शहराबाहेरून वळवणाऱ्या कालव्याबद्दल, कुणीतरी लिहिलं, 'कोरडा खड्डा आहे नुसता, तो रुंद करायला ६० कोटींच्या वर डॉलर उधळले.' रात्रभर डोक्यात राहिलं. अहो, १९५० ला एक लाखाच्या आसपास माणसं शहराबाहेर काढावी लागली होती! रेड नदी उत्तरेकडे वाहते, दक्षिणेतला बर्फ आधी वितळतो आणि पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच, त्यात जमीन ताटासारखी सपाट, मग पाणी पसरणारच. तेव्हाचे मॅनिटोबा प्रांताचे प्रमुख (प्रीमियर) डफ रॉब्लिन यांनी ४७ किमीचा फ्लडवे रेटून नेला, १९६२ ते ६८, खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. तेव्हाही लोक 'डफचा खड्डा' म्हणूनच हिणवायचे. १९९७ ला त्यानेच शहर तारलं, पण अगदी काठावर, म्हणून २००५ पासून वाढवला. पाणी वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला १७०० घनमीटरची ४००० झाली. यात उधळपट्टी कुठे दिसली?

गेटच्या_वर:
शहर तारलं, बरोबर. आणि शहराच्या दक्षिणेला, गेटच्या वरच्या अंगाला राहणारे आम्ही? फ्लडवेच्या तोंडाशी नदीतले गेट वर उचलले की पाणी फ्लडवेत वळतं तसं मागेही तुंबतं. माझा मामा ९७ ला तिथल्याच ग्रांड पॉइंट गावात राहायचा, बेसमेंट छतापर्यंत भरलं, मामीचं शिलाई मशीन चिखलातून काढलं ते मी स्वतः. भरपाईला गेला तर समोरचा साहेब म्हणे हा नैसर्गिक पूर!

पूररेषा:
सखल जागेत घरं बांधायची आणि मग रडायचं. माझा भाऊ बांधकामातच आहे, त्याने अशी जागा कधी घेतली नसती.

गेटच्या_वर:
शहर काय डोंगरावर आहे का? तेही त्याच सपाटीवर! त्यांना फ्लडवे आणि आम्हाला अक्कल?

उत्तरवाहिनी:
पूररेषा, हे बोलणं बरं नाही. पण गेट उचलले नसते तर लाखो लोक पाण्यात गेले असते, त्याचं काय? आणि २००४ ला भरपाईचा कायदा झालाच की.

गेटच्या_वर:
सात वर्षांनी! आणि तोही वसंतातल्या पुरापुरता. उन्हाळ्यात गेट उचलून शेत बुडालं तर?

उत्तरवाहिनी:
ठीक आहे, ते चूक आहे, मान्य. गेट चालवणाऱ्यांनीच भरपाई द्यायला हवी, महिना कुठलाही असो. पण फ्लडवेला खड्डा म्हणू देणार नाही.

गेटच्या_वर:
खड्डा मी कधी म्हटलंय? वर जाऊन वाचा. मी मामाच्या घराचं विचारतोय.