लॉर्डनचं जीपी दर वेळी वेगळं येतंय, मदत करा ना

कोथरूडची_मीनू: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूये, डीपीपीसी या लिपिडचे लिपोसोम, म्हणजे मेम्ब्रेनचे बारीक फुगे, करून त्यात लॉर्डन हा चमकणारा रंग (प्रोब) टाकते, २५ डिग्रीला मेम्ब्रेन घट्ट असतं म्हणजे जीपी (जनरलाइज्ड पोलरायझेशन, मेम्ब्रेन किती घट्ट ते सांगणारा आकडा) जास्त यायला पाहिजे ना, पण एकदा ०.५ येतं, एकदा ०.२, महिना गेला यातच. प्रोब बदलू का?

लिपिडवाला: प्रोब बदलू नकोस गं. लॉर्डन टाकतेस तेव्हा तापमान किती असतं ते सांग. डीपीपीसी ४१ डिग्रीला वितळतं, त्याखाली लॉर्डन नीट आत शिरतच नाही, म्हणून ५० च्या आसपास अर्धा तास अंधारात ठेव आणि मग सावकाश थंड कर. लॉर्डन खरं तर पाणी ओळखतं, मेम्ब्रेन सैल झालं की पाण्याचे रेणू आत येतात आणि प्रकाश ४४० नॅनोमीटरवरून ४९० कडे सरकतो, त्या दोन तीव्रतांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे जीपी. किती सुंदर कल्पना आहे बघ, १९७९ मध्ये ग्रेगोरिओ वेबर यांनी हा रंग आणला.

कोथरूडची_मीनू: अय्यो, मी तर रूम टेम्परेचरलाच टाकत होते! एसी कधी चालू कधी बंद, त्यात पुण्याचा मे महिना.

पाषाण_रोड: मग क्युवेटच्या, म्हणजे मशीनमध्ये ठेवायच्या नमुन्याच्या नळीच्या, आतलं तापमान मोज, मशीनवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. लॉर्डन इथेनॉलमध्ये विरघळवून टाकत असशील तर ते इथेनॉल पण एक टक्क्याच्या खाली ठेव, तेच मेम्ब्रेन सैल करतं. आणि बिनारंगाच्या लिपोसोमचं रीडिंग वजा करतेस ना? डीपीएच या दुसऱ्या प्रोबने अ‍ॅनिसोट्रॉपी पण (प्रकाशाची दिशा किती टिकते ते) काढून बघ, पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारे फिल्टर) लागतील, पण ते पाणी नाही तर प्रोबची हालचाल दाखवतं.