मानस (आसाम): बांसबारी की भुयांपारा? सहा जणांसाठी सल्ला हवा

नदीकाठची (धागाकर्ती)
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून सहा जण मानस राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. चार मोठे, सासूबाई (वय ६८) आणि मुलगा (वय ९). गुवाहाटीपर्यंत विमान, हाताशी पाच दिवस. प्रश्न तीन. बोडोलँडमध्ये, म्हणजे मानसभोवतीच्या बोडो लोकांच्या स्वायत्त प्रदेशात, आता फिरणं सुरक्षित आहे का? मुक्काम उद्यानाच्या कोणत्या रेंजच्या (वनक्षेत्राच्या) बाजूला करावा, बांसबारी की भुयांपारा? आणि आपला पैसा गावातल्या माणसांपर्यंत पोचेल अशी सोय आहे का?

तणमोर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, जरूर जा. सरकार आणि बोडो बंडखोर यांच्यातला करार २००३ मध्ये झाला तरी शांतता लगेच आली नाही. २०१४ मध्ये या पट्ट्यात मोठी हत्याकांडं झाली. जानेवारी २०२० च्या करारानंतर सशस्त्र गटांनी शस्त्रं खाली ठेवली. आज पर्यटकाला खरी अडचण होते ती 'बंद'ची. कोणतीही संघटना बारा किंवा चोवीस तासांचा बंद पुकारते आणि त्या काळात गाडी हलत नाही. म्हणून परतीचं विमान आणि शेवटची सफारी यांमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो गुवाहाटीत घालवा, मानसमध्ये नको.

मार्च चांगला निवडलात. डिसेंबरपर्यंत गवत हत्ती दडेल एवढं उंच असतं. जानेवारी-फेब्रुवारीत ते टप्प्याटप्प्यानं जाळतात, मग कोवळे कोंब फुटतात आणि रानम्हशी, गेंडे उघड्यावर येतात. हे जाळणं बेताचंच हवं. पिग्मी हॉग हे फूटभर उंचीचं रानडुक्कर गवतातच घर करतं. सगळं गवत एकदम पेटलं तर त्याला आसरा उरत नाही.

साग
दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: निदान दोन रात्री भुयांपारा रेंजला, म्हणजे कोकिलाबारीला द्या.

मानसला १९८५ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये ते 'धोक्यातील' यादीत गेलं. अशांततेच्या काळात चौक्या जळाल्या आणि एकही गेंडा उरला नाही. २००३ मध्ये कोकिलाबारीच्या तरुणांनी मानस माओजिगेंद्री इकोटुरिझम सोसायटी उभी केली. आधी शिकार करणारे, लाकूड तोडणारे कित्येक जण तिच्यात गस्तीला आले. हरीण कोणत्या पाणवठ्यावर येतं, फासा कुठे लावतात, लाकूड कोणत्या वाटेनं बाहेर जातं, हे त्यांना ठाऊकच होतं. २००८ पासून आसामातल्याच पोबितोरा अभयारण्यातून आणि काझीरंग्याहून गेंडे आणून सोडले. त्यातले काही पुन्हा शिकारीत गेले, तरी काम थांबलं नाही. २०११ मध्ये मानस त्या यादीतून बाहेर आलं. वनखात्याचा वाटा मोठा आहेच, पण गावं रानाच्या बाजूनं वळली नसती तर हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. वाटाड्या कोणत्या गावचा? जिप्सी (सफारीची उघडी गाडी) कोणाच्या मालकीची? स्वयंपाक कोण करतं? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे पाहा. विणकाम थेट मागावरच्या बाईकडून घ्या. अरोनाई हा विणलेला पट्टा सामानात सहज मावतो.

कोकिलाबारीच्या बियाणे शेतीच्या आवारात आणि आसपासच्या माळावर बंगाल फ्लोरिकन हा माळढोकाच्या कुळातला दुर्मीळ पक्षी दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य उगवताच नर गवतातून उभा वर झेपावतो, पंख पांढरे चमकतात आणि तो तरंगत खाली येतो. पहाटे साडेपाचला जागेवर असा आणि बांधावरूनच पाहा. जवळ गेलात तर तो नाचायचाच थांबतो.

कोकिलाबारीला जाताना महामार्ग पाठशाला गावाशी सोडायचा. बांसबारीला जायचं तर पुढे बार्पेटा रोडहून वळायचं.

गजवाट
सुरक्षिततेत खरा विचार हत्तीचा करा. ताडोबाची सवय इथे चालत नाही. तिथे वाघासाठी गाडी थांबवून वाट बघतो, इथे गवताच्या भिंतीमधल्या अरुंद रस्त्यावर थांबलात तर दोन्हीकडून अडकता.

सहा जण एका जिप्सीत कोंबू नका. चालक, वाटाड्या आणि बंदूकधारी वनरक्षक धरून नऊ होतात. दोन जिप्सी घ्या. सासूबाईंना चालकाशेजारी बसवा, मागच्या बाकावर दणके फार बसतात. गाडी चालू असताना कोणीही उभं राहायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये काझीरंग्यात मायलेकी चालत्या जिप्सीतून गेंड्यासमोर पडल्या, नशिबानं वाचल्या. मुलाला मधल्या जागी बसवा.

माजावरचा हत्ती ओळखायला शिका. डोळा आणि कान यांच्यामधून काळसर ओघळ गालावर उतरलेला असतो, मागच्या पायांची आतली बाजू मुतानं ओली असते. असा दिसला की फोटो नाही, गाडी मागे. एरवी कान पसरून, धूळ उडवून, ओरडत येणारा बहुधा धमकावत असतो. कान मागे, सोंड आत वळलेली आणि आवाज नाही, तर तो खराच येतोय. पण हे भेद ओळखण्याच्या भरवशावर थांबायचं नाही. इंजिन चालू आणि पन्नास मीटरचं अंतर, एवढं पाळा.

गेंडा त्याच त्या ठिकाणी शेण टाकतो. रस्त्याकडेला मोठा ढीग दिसला आणि वरचा थर ओला असला, तर तिथे थांबू नका. त्याला नीट दिसत नाही, पण वास आणि आवाज पक्का कळतो.

वैद्यबुवा
मलेरिया मनावर घ्या. भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याच्या या पट्ट्यात डास संथ वाहत्या ओढ्यांच्या गवताळ काठावर वाढतात आणि मध्यरात्रीच्या आसपास जास्त चावतात. म्हणजे संध्याकाळची अगरबत्ती पुरत नाही, मच्छरदाणी लागते. ती गादीखाली खोचलेली आणि न फाटलेली हवी. जाण्याच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते परतल्यावरही चार आठवडे घ्यावं लागतं, आणि लोक नेमकं तिथेच सोडतात. मुलाचा डोस वजनावर ठरेल. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'आसामात, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याला गेलो होतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर नाशिकमध्ये डेंग्यूच तपासत बसतील.

रात्री खोलीबाहेर पडायचं तर बूट आणि बॅटरी. साप चावलाच तर पट्टी आवळू नका, अवयव हलू देऊ नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. आपल्याकडची लस चार मुख्य सापांवर बनते, ईशान्येतल्या काही मण्यारींवर आणि हिरव्या घोणसांवर ती नीट चालत नाही. म्हणून श्वासाची मदत मिळेल असं रुग्णालय हवं.

नदीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार! दोन जिप्सी नक्की. माथानगुरीच्या वनविश्रामगृहात एक रात्र काढावी का? आणि सोनेरी वानर कुठे दिसतील?

साग
माथानगुरी बांसबारी फाटकापासून सुमारे २० किलोमीटर आत आहे. मानस नदी तिथेच फुटते, एक फाटा बेकी नदी होतो. समोरचा काठ भूतानचा. जागा अप्रतिम, पण सासूबाईंना तिथे मुक्काम नको. रात्री रुग्णालय दूर आणि फोन लागेल असं धरून चालू नका. दिवसा जाऊन या. राहायचंच ठरलं तर शिधा बार्पेटा रोडवरूनच न्या. सहा जणांना एका रात्रीसाठी दोन किलो तांदूळ, अर्धा किलो डाळ, तेल, भाज्या आणि पिण्याचं पाणी वीस लिटर. नावाडी तयार असला तरी परवानगीशिवाय पलीकडच्या काठाला जाऊ नका.

तणमोर
सोनेरी वानरांसाठी पश्चिमेला बोंगाईगावजवळचं काकोईजाना बघा. सुमारे १७ चौरस किलोमीटरचं रान, भोवतालच्या गावांनी राखलेलं. त्याचं अभयारण्य करायचा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मागितले. गावातला माणूस बरोबर घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा, वानरांना खायला काहीही देऊ नका. सकाळी सातच्या आत पोचलात तर ते झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेले दिसतात.

गजवाट
एक राहिलं. तिथे अंधार लवकर पडतो, मार्चमध्ये सहाच्या आधीच. दुपारची सफारी दोनला सुरू करा आणि पाचला फाटकाकडे वळा. 'अजून दहा मिनिटं' असा आग्रह चालकाला करू नका.