परदेशात रुपे: मुख्य कार्ड की नुसतं जोडीला?

संत्रामार्केट

नागपूरहून शारजा-दोह्याला थेट विमानं आहेत, लुंबिनीच्या यात्राही इथून निघतात. प्रत्येक सहलीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: रुपे कार्ड तिकडे चालतं का? उत्तरंही दोनच येतात. एक "सगळीकडे चालतं", दुसरं "विसरा ते". माझं मत आधीच सांगून टाकतो, भांडायला सोपं जाईल: मुख्य कार्ड रुपेच ठेवा, दुसऱ्या नेटवर्कचं एक जोडीला.

पण रुपे कोणतं, ते आधी पाहा. देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने २०१२ मध्ये रुपे आणलं आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या डिस्कव्हर या कार्ड नेटवर्कशी करार केला. कार्डाच्या पाठीमागे डिस्कव्हर आणि तिचीच डायनर्स क्लब, पल्स अशी तीन चिन्हं असतील तर ते रुपे ग्लोबल. जपानच्या जेसीबी नेटवर्कचं चिन्ह असेल तर बाहेर ते जेसीबीच्या जाळ्यावर चालतं. जनधन खात्यासोबत आलेलं साधं कार्ड बहुतेक वेळा फक्त देशातलं असतं. ते घेऊन दोह्याला उतरायचं आणि मग रुपेला नावं ठेवायची, याला अर्थ नाही.

दुकानात "रुपे चालतं का?" असं विचारूच नका. काउंटरवरच्या पोराने ते नाव ऐकलेलं नसतं, तो मान हलवणारच. "डिस्कव्हर?" किंवा "डायनर्स?" विचारा. जपानात जेसीबीचा फलक शोधा, चीनमध्ये युनियनपेचा, कारण डिस्कव्हरचे त्या दोघांशीही करार आहेत.

आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा परदेशी वापर, ऑनलाइन आणि टॅप हे तिन्ही बंद असतात. बरीच कार्डं तिकडे पडतात, म्हणजे नाकारली जातात, ती इथेच, रुपे असो की व्हिसा. बटण सुरू केलं तरी खालच्या रकान्यात मर्यादा शून्यच राहून गेली तर नकार येतोच. दुकान, एटीएम आणि ऑनलाइन या तिन्हींच्या मर्यादा वेगवेगळ्या भरायच्या असतात, ते नीट पाहा.

तर्रीपोहे

भाऊ, सगळं खरं, पण निष्कर्ष उलटा काढून राहिले तुम्ही. फलक शोधत फिरावं लागतं ते मुख्य कार्ड कसं? मुख्य कार्ड म्हणजे विचार न करता पुढे करायचं ते.

डायनर्सचा जोर हॉटेलं, विमान कंपन्या आणि मोठी दुकानं यांच्यावर. युरोपात छोटी बेकरी, पार्किंगचं यंत्र, स्टेशनवरचं तिकीट यंत्र, माणूस नसलेला पेट्रोलपंप, इथे व्हिसा-मास्टरकार्डच्या पलीकडे कोणी पाहत नाही. माणूस असला तर "परत करून पाहता का" तरी म्हणता येतं. यंत्राला काय म्हणणार?

भाड्याने गाडी घ्यायची असेल तर अजूनच अवघड. अनामत रोखून धरायला त्यांना क्रेडिट कार्ड लागतं, चालकाच्याच नावाचं. डेबिट दिलं तर बऱ्याच ठिकाणी सरळ नाही म्हणतात. हॉटेलने घेतलं तरी रोखलेली रक्कम तुमच्या बचत खात्यातली असते आणि ती सुटायला दिवस लागतात. तोवर तेवढे पैसे अडकून.

मुख्य व्हिसा किंवा मास्टरकार्ड, जोडीला रुपे. देशप्रेमाने हॉटेलचं बिल भरलं जात नाही.

झिरो_माईल

कार्ड यंत्रात गेल्यावर का पडतं, यावर कोणी बोललं नाही म्हणून थोडं तांत्रिक.

चिपमध्ये एक किंवा अधिक 'ॲप्लिकेशन' असतात, प्रत्येकाला ओळखक्रमांक असतो, त्याला एआयडी म्हणतात. कार्ड टाकलं की टर्मिनल आपली यादी चिपशी ताडून पाहतं. जुळलं तर पुढे पिन, मग बँकेकडे विचारणा. नाही जुळलं तर गोष्ट तिथेच संपते, तुमच्या बँकेपर्यंत प्रश्न जातच नाही. हा फरक पडद्यावर ओळखता येतो. कार्ड टाकल्या टाकल्या, पिन न मागताच "कार्ड चालत नाही" अशा अर्थाचा मजकूर आला, तर त्या दुकानाच्या बँकेने डिस्कव्हर चालू केलेलं नाही. आपल्या बँकेला फोन करून उपयोग नाही, दुसरं कार्ड काढा. पिन घेतला, दोन-चार सेकंद थांबून "नकार" आला आणि मोबाईलवर बँकेचा संदेशही आला, तर अडचण तुमच्या बाजूची: मर्यादा, बंद बटण, शिल्लक किंवा बँकेची संशय-यंत्रणा. ही ॲपमधून दोन मिनिटांत सुटते.

एकदा चिप टाकून पाहायला हरकत नाही, पण फक्त टॅपवर भरवसा ठेवू नका. टॅपसाठी टर्मिनलमध्ये वेगळी मांडणी लागते आणि अनेक ठिकाणी चिप घेणारं यंत्र तेच कार्ड टॅपला नाकारतं. म्हणून टॅप पडलं की लगेच "चालत नाही" म्हणून कार्ड खिशात टाकू नका, खाचेत घालून पाहा.

तर्रीपोहे, माणूस नसलेल्या यंत्रांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. त्यांची यादी कोणी सहसा अद्ययावत करत नाही.

महाल_गल्ली

मुद्दा फक्त सोयीचा नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं तेव्हा देशातले व्यवहार चालू राहिले, कारण तिकडे बँका-बँकांतले कार्ड व्यवहार जोडणारी स्वतःची स्विचिंग यंत्रणा आणि स्वतःचं मीर कार्ड होतं. मीर जन्मलं ते २०१४ च्या निर्बंधांच्या धड्यातून. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेटा देशात न ठेवल्याबद्दल मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली, ती जून २०२२ पर्यंत होती. ज्या बँकांचा सगळा संसार एकाच नेटवर्कवर होता त्यांची तेव्हा काय धावपळ झाली असेल! स्वतःचं जाळं हवंच, आणि ते वापरलं तरच वाढतं.

तर्रीपोहे

महाल_गल्ली, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. मीरने रशियाला रशियाच्या आत वाचवलं. बाहेर काय झालं? सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नुसता इशारा दिला आणि तुर्कीतल्या मोठ्या बँकांनी मीर घेणं बंद केलं. राष्ट्रीय नेटवर्क देशात ढाल असतं, सीमेबाहेर ते समोरच्याच्या मर्जीवर. आणि रुपे बाहेर चालतं ते डिस्कव्हरवर, म्हणजे अमेरिकी कंपनीवरच ना बाप्पा. मे २०२५ मध्ये ती कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने विकत घेतली.

शहाणे देश काय करतात पाहा. फ्रान्सचं कार्त बँकेर, नॉर्वेचं बँकॲक्सेप्ट: एकाच प्लास्टिकवर दोन चिन्हं. देशात स्वतःच्या स्वस्त जाळ्यावर, बाहेर व्हिसा किंवा मास्टरकार्डवर. आपणही रुपे-व्हिसा असं एकच कार्ड काढलं असतं तर हा धागाच लागला नसता.

संत्रामार्केट

दोन चिन्हांच्या कार्डाचीही किंमत असते. जर्मनीच्या गिरोकार्ड या देशी डेबिट कार्डावर जोडीला मास्टरकार्डचं मायस्ट्रो होतं, बाहेर त्याच जोरावर चालायचं. मास्टरकार्डने १ जुलै २०२३ पासून युरोपात नवं मायस्ट्रो देणं थांबवलं आणि तिथल्या बँकांना पर्याय शोधावा लागला. दुसऱ्याच्या खांद्यावर बसलं की त्याने खांदा काढला तर पडायचंच. डिस्कव्हरच्या बाबतीतही तोच धोका, मान्य.

म्हणूनच थेट करार महत्त्वाचे. भूतानमध्ये २०१९ पासून, नेपाळमध्ये एप्रिल २०२२ पासून, मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून, मालदीवमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून रुपे थेट आहे. अमिरातीने तर आपलं जयवान कार्ड रुपेच्याच तंत्रावर उभारलं. नागपूरहून शारजाला जाणाऱ्याला याचा उपयोग नाही, असं कसं म्हणता?

आणि कॅपिटल वनने डिस्कव्हर घेतल्यावर आपली डेबिट कार्डं त्याच नेटवर्कवर हलवायला घेतली. त्या नेटवर्कवर खर्च करणारे वाढले की दुकानंही त्याला दार उघडतात. धोकाही आणि संधीही.

खामल्याचा_मुनीम

तुमच्या भांडणात हिशोब राहून गेला. घ्या.

शंभर डॉलरचं बिल, समजायला दर ८५ रुपये धरू. मूळ ८,५०० रुपये. बहुतेक साध्या कार्डांवर परकीय चलन शुल्क ३.५ टक्के, म्हणजे २९७.५० रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ५३.५५ रुपये. एकूण ८,८५१.०५ रुपये. म्हणजे खरा फटका ४.१३ टक्के. रुपे असो की व्हिसा, हा आकडा बँक ठरवते, नेटवर्क नाही. काही कार्डांवर शुल्क २ टक्के किंवा शून्य असतं, तेव्हा नेटवर्कवर वाद घालण्याआधी तुमच्या कार्डाचं शुल्कपत्रक उघडा.

"रुपेवर व्यापाऱ्याला शुल्क नाही" हे इथे लागू करू नका. शून्य एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क) १ जानेवारी २०२० पासून देशातल्या रुपे डेबिटसाठी आहे. बाहेर तिथलं जे नेटवर्क, त्याचे दर.

यंत्राने "रुपयांत द्यायचे की दिरहममध्ये?" विचारलं तर कायम स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर दुकानाची बँक लावते, तो महाग असतो, आणि बरेचदा आपली बँक परदेशी व्यवहार म्हणून वरून आपलंही शुल्क लावते. काउंटरवाला घाईघाईने स्वतःच रुपयांचं बटण दाबतो. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला तर सही करण्याआधी रद्द करायला लावा.

डेबिट कार्डाचा परदेशी खर्च परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, मोजला जातो, वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वर टीसीएस (बँकेने आगाऊ वसूल केलेला कर) लागतो, फिरण्याच्या खर्चावर २० टक्के. क्रेडिट कार्डावर परदेशात केलेला खर्च सध्या यात धरत नाहीत. आठवड्याच्या सहलीला हे लागत नाही, पण वर्षभरात मुलाची परदेशातली फी, लग्नाची खरेदी आणि सहल एकाच पॅनवर गेली तर लागू शकतं.

तर्रीपोहे

मुनीमजी, मग तुम्हीच सांगा, अनामतीसाठी क्रेडिट कार्डच हवं हे तुमच्या हिशोबातूनही निघतं की नाही?

खामल्याचा_मुनीम

निघतं, पण ते व्हिसाच हवं असं निघत नाही. रुपे क्रेडिट कार्डही असतं, ग्लोबल चिन्हासकट. काउंटरवर अडलं तर प्रश्न डेबिट-क्रेडिटचा की नेटवर्कचा, ते आधी वेगळं करा. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत कोंबून राहिले.

झिरो_माईल

ऑनलाइनचंही बोलून घ्या. परदेशी हॉटेलच्या संकेतस्थळावर रुपे ग्लोबलचा क्रमांक टाकला आणि तो ६० किंवा ६५ ने सुरू असला तर खिडकीत डिस्कव्हरचं चिन्ह येतं. घाबरू नका, बरोबर आहे ते. चिन्हच आलं नाही तर ते संकेतस्थळ डिस्कव्हर घेत नाही. तिकडे ओटीपी मागितला जाईलच असं नाही, नुसत्या क्रमांक-सीव्हीव्हीवर पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून ऑनलाइन आंतरराष्ट्रीयचं बटण बुकिंगपुरतंच उघडा, झालं की बंद. आणि नको असलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, अशा प्रकारात रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने तेवढ्या मुदतीत तुमची जबाबदारी शून्य असते. सातव्या दिवसानंतर बँकेच्या धोरणावर सोडलेलं आहे.

महाल_गल्ली

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी एक. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, शंभराचे एकशेसाठ. म्हणून दुकानदाराने तोंडी दर सांगितला की लगेच पडताळता येतो. फोनपे नाही, फोनेपे हं, हे तिथलं वेगळं नेटवर्क, त्याच्या क्यूआरवर मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय चालतं. कार्डापेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल, पण ॲपमध्ये यूपीआय आंतरराष्ट्रीय आधी सुरू करावं लागतं. आणि फोनची बॅटरी आणि इंटरनेट दोन्ही लागतात, हे यात्रेत कोणी धरत नाही.

तर्रीपोहे

चला, नेपाळ-भूतान-अमिरातीपुरतं रुपे पुढे, मी मानतो. युरोपला अजिबात नाही.

संत्रामार्केट

युरोपसाठी मीही माझं वाक्य मागे घेतो, तिकडे रुपे जोडीला. अमेरिकेत मात्र डिस्कव्हर घरचंच आहे, तिथे मुख्य ठेवायला हरकत नाही.

महाल_गल्ली

एटीएमचं राहिलं. कार्ड टाकलं की परदेशी यंत्र खातं विचारतं: सेव्हिंग्ज, चेकिंग की क्रेडिट. डेबिटला सेव्हिंग्ज दाबा. नकार आला तर बाहेर पडून परत टाका आणि चेकिंग दाबून पाहा, खूपदा तेवढ्यानेच होतं. तिसऱ्यांदा पिन चुकवू नका, कार्ड बंद पडेल. शुल्काची सूचना पडद्यावर आली की ती वाचूनच पुढे जा. ते त्या यंत्राच्या मालकाचं, आपल्या बँकेचं वेगळं. म्हणून पाच वेळा थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा.