विंडोज १० वरून ११ वर जावं का? टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे, मदत हवी

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं टायपिंग, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपलाय, तर ११ वर जावं की आहे तेच चालवावं, हे ठरवायचंय. यूट्यूबवर बघितलं तर सगळे नव्या स्टार्ट मेनूबद्दल नाहीतर गेमिंगबद्दल बोलतात. माझं पोट जुन्या मराठी फॉन्टवर चालतं, त्याबद्दल कुणी काही सांगत नाही. म्हणून इथे सविस्तर विचारते.

दोन मशीन आहेत.

आतल्या खोलीत आय३-८१००, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १० प्रो, पण ३२ बिट. हे मुद्दाम टाकून घेतलंय, कारण मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डाँगलवर (पेन ड्राइव्हसारखं दिसणारं लायसन्सचं कुलूप) चालतं आणि त्या डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. पानं लावायचं पेजमेकर ७ पण इथेच. लग्नपत्रिका, हस्तपत्रकं आणि पतसंस्था, विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल सगळे यावर होतात.

काउंटरवर आय५, चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १० प्रो ६४ बिट. ऑनलाइन फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेल्या पीडीएफ, लोकांचे पेन ड्राइव्ह, सगळं यावर. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००, तोही याच मशीनला.

आमच्याकडे येणारा मुलगा म्हणतो, "ताई, मशीन ११ ला चालेल का हे बघणारा चेक बायपास करून दोन्हींवर ११ टाकून देतो." माझी हिंमत होत नाही. ओळखीच्या एका दुकानात असंच अपग्रेड केलं, डाँगल ओळखेना झाला आणि ऐन लग्नसराईत त्यांची कामं अडकली.

अहवालांचं काम सध्या जोरात आहे. सगळ्या संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे आतलं मशीन दोन दिवस जरी बंद राहिलं तरी माझी पंचाईत होईल. खर्च करायची तयारी आहे, पण नवीन मशीन घेण्याइतकी नाही.

डोंबिवलीकर

ताई, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे नेमकं सांगता येईल. आधी तारखा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. त्यावर मायक्रोसॉफ्टने ईएसयू नावाने एक वर्षाची वाढीव मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचं बॅकअप चालू केलं की पैसे पडत नाहीत. आवृत्ती २२एच२ हवी. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल करायची लिंक दिसेल.

काउंटरचं मशीन आज दुकान बंद करायच्या आत या ईएसयूमध्ये घाला. बाकीची चर्चा नंतर. लोकांचे आधार, पॅन, पासबुकाचे फोटो त्या मशीनवरून जातात, ते उघडं ठेवणं बरोबर नाही.

दुसरं, आय३-८१०० ला विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर यादीत आहेत. चौथ्या पिढीचा आय५ नाही. ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची चिपही लागते. ती बघायला आय३ वर विंडोजची की आणि आर दाबून "टीपीएम.एमएससी" (इंग्रजीत tpm.msc) टाका आणि काय येतं ते कळवा.

अक्षरजुळणी

काउंटरचं एनरोल झालं, धन्यवाद दादा. आय३ वर "टीपीएम सापडत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतोय. म्हणजे त्यात ती चिपच नाही का?

डोंबिवलीकर

असणार. आठव्या पिढीत ती वेगळी लावावी लागत नाही, इंटेलच्या फर्मवेअरमध्येच असते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, "इंटेल पीटीटी" नावाने सापडेल. बऱ्याच बोर्डांवर ती बंद असते, चालू करायची.

पण आत्ता बायोसला हात लावू नका. तुमचं ३२ बिट विंडोज बहुतेक बूट व्हायच्या जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेलं असणार. ११ साठी यूईएफआय ही नवी पद्धत आणि सिक्युअर बूट लागतं, त्यासाठी जुनी पद्धत चालू ठेवणारं "सीएसएम" बंद करावं लागतं. ते बंद केलंत की आत्ताचं विंडोज सुरूच होणार नाही आणि तुम्ही घाबरून जाल.

आणखी एक. ३२ बिटवरून ११ वर थेट अपग्रेड होत नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. कोरं इन्स्टॉल करावं लागतं, म्हणजे डिस्क पुसून. तुमच्याकडच्या मुलाने हे सांगितलं नसेल तर त्याला विचारा.

पेंग्विनप्रेमी

काउंटरच्या आय५ वर लिनक्स मिंट टाका असं सुचवेन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, पैसे लागत नाहीत आणि ८ जीबी रॅमवर छान पळतं. फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप वेब, पीडीएफ हे सगळं ब्राउझरचंच काम आहे. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच त्यात असतो.

छापखाना

मिंट मलाही आवडतं, पण ताईंचा प्रिंटर एलबीपी २९०० आहे. लिनक्ससाठीचा त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुना आहे, ३२ बिट लायब्ररी मागतो आणि चालू झाला तरी मध्येच रुसतो. काउंटरवर रांग उभी असताना ते परवडणार नाही. घरच्या मशीनला जरूर टाका.

कंपोझिटर

मी पुण्यात अनेक वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून फॉन्टबद्दल बोलतो. तुमचा सगळा प्रश्न मला डाँगलभोवती फिरताना दिसतो.

पेजमेकर ७ हे २००१ सालचं, ती शेवटची आवृत्ती. प्रोग्रॅम स्वतः ३२ बिट आहे आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे तो बहुतेक उभा राहील. ड्रायव्हरचं तसं नसतं. ६४ बिट विंडोजला ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो, तिथे तडजोड नाही. शिवाय कोऱ्या विंडोज ११ मध्ये "मेमरी इंटिग्रिटी" नावाची सुरक्षा बहुतेक वेळा आधीच चालू असते आणि ती जुन्या ड्रायव्हरना अडवते. म्हणून तुमच्या ओळखीच्यांचं जे झालं त्याचं नवल नाही वाटलं.

विक्रेत्याला फोन करून विचारा: ६४ बिट ड्रायव्हर आहे का, नवीन आवृत्ती घेतली तर जुनी डाँगल चालेल का, आणि किती पैसे. उत्तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

आता जुन्या फायलींचं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर उघडलेली फाइल म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. पेजमेकरला युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी सर्वमान्य पद्धत) कळत नाही, त्यामुळे तो आहे तोवर ही जोडी सुटणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात आणि काम बऱ्यापैकी करतात. पण त्यांचं आउटपुट डोळे झाकून छापायला देऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार उलट बाजूने सरकतो. त्यामुळे "कार्यकारिणी", "निर्णय", "वर्षअखेर" अशा शब्दांत वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. "दुसऱ्या", "कर्मचाऱ्यांना" यांतला ऱ्य हमखास बिघडतो. अहवालात हेच शब्द पानापानावर असतात. आकड्यांचे तक्ते वेगळे तपासा, तिथे तर चूक चालतच नाही.

माझं मत: या वर्षीचे अहवाल जुन्या पद्धतीनेच करा. ते संपले की एकेका संस्थेचा मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पुढच्या वर्षी वर्डमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये लावा. संस्थांना आता अहवालाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असते आणि त्यात शब्द शोधता आला तर त्यांना हवाच असतो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही.

बोर्डदुरुस्ती

सगळं वाचलं. ताई, तुमची मशीनं उलट जागी आहेत, असं मला वाटतं.

ज्या मशीनला ११ चालतं त्यावर जुनं सॉफ्टवेअर बसलंय आणि ज्याला चालत नाही ते नेटवर आहे. मग अदलाबदल करा. मशीनची नव्हे, डिस्कची.

आय३ मधली हार्ड डिस्क जशीच्या तशी काढून आय५ मध्ये लावा. विंडोज १० अशी बदली सहसा पचवतं. दोन्ही बोर्डांच्या बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) एएचसीआय आहे एवढं पाहा. चौथ्या पिढीच्या बोर्डावर लेगसी बूट मिळतं, त्यामुळे ३२ बिट विंडोज उठायला अडचण येऊ नये. डाँगलचं लायसन्स डाँगलमध्ये आहे, ते सोबत येतं. पेजमेकर ७ ला ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन नव्हतंच. राहिलं विंडोजचं लायसन्स, ते मदरबोर्डला बांधलेलं असतं. आय५ ला प्रोचं लायसन्स आहेच आणि ३२ आणि ६४ बिटला तेच चालतं. एकदा नेट जोडून अ‍ॅक्टिव्हेट होऊ द्या, मग केबल काढा आणि परत लावू नका.

आय५ मधली एसएसडी आय३ मध्ये लावा आणि तिच्यावर कोरं विंडोज ११ प्रो टाका. त्या बोर्डाला १० प्रोचं लायसन्स आहे, त्यावर ११ प्रो अ‍ॅक्टिव्हेट होतं. एसएसडीवरच्या फायली त्याआधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती पुसली जाणार आहे. हे मशीन काउंटरला आणा.

यात तुमची डीटीपीची डिस्क कुणी फॉरमॅट करत नाही, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. काही बिनसलं तर ती पुन्हा आय३ ला लावायची. तरीही हात लावण्याआधी तिचा पूर्ण क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, करून ठेवा, कारण जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा नसतो. आणि आय५ मध्ये आधी क्लोन लावून बघा, मूळ डिस्क कपाटात.

बायपासबद्दल: चौथ्या पिढीवर ११ तसं चालतं, मीही चालवून पाहिलंय. पण यादीत नसलेल्या मशीनला दरवर्षीची मोठी आवृत्ती विंडोज अपडेटमधून आपोआप मिळत नाही, दर वेळी हाताने चढवावी लागते, आणि अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर हे नको.

रॅमचं लक्षात घ्या. आय५ ची डीडीआर३ आहे, ती आय३ मध्ये बसणार नाही. आय३ ला डीडीआर४ लागते. ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडले की तुम्हालाच राग येईल. ८ जीबी तरी घाला. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

छापखाना

बोर्डदुरुस्ती यांच्याशी सहमत. एक भर घालतो. नेट काढलं म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं समजू नका, पेन ड्राइव्हमधून येतंच. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह डीटीपीच्या मशीनला कधीही लावू नका. फाइल आधी काउंटरच्या ११ वर घ्या, तिथे स्कॅन होऊ द्या, मग तुमच्या स्वतःच्या एका ठरलेल्या पेन ड्राइव्हमधून आत न्या. डीटीपीच्या मशीनवर ऑटोप्ले बंद करा. हाताखाली मुलगी असेल तर तिलाही नीट समजावून सांगा, घाईत तिथेच चूक होते.

दोन्ही मशीनवरून एकाच प्रिंटरला प्रिंट द्यायची तर छोटा यूएसबी स्विच मिळतो, बटण दाबलं की प्रिंटर या मशीनचा किंवा त्या मशीनचा. केबल काढ-घाल करून पोर्ट सैल होत नाही.

डोंबिवलीकर

११ कोरं टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं तर २४एच२ आवृत्तीपासून डिस्क आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते. वाईट नाही, काउंटरवरच्या मशीनला चांगलंच आहे. फक्त रिकव्हरी की त्या अकाउंटमधून काढून कागदावर लिहा आणि दुकानाच्या फाइलमध्ये ठेवा. अकाउंटही तुमच्याच नावाचं असू द्या, टाकून देणाऱ्या मुलाचं नको.

अक्षरजुळणी

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्कची अदलाबदल हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. फॉन्टवाल्यांना विचारलं, ६४ बिट ड्रायव्हर फक्त नव्या आवृत्तीसोबत मिळतो आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणजे तूर्त जुनंच.

त्या मुलाला हा धागा दाखवला, तो बायपासचा हट्ट सोडायला तयार आहे. आता एवढंच सांगा, हे आत्ता करू की अहवाल संपल्यावर? आणि रॅम नेमकी कोणती मागू?

बोर्डदुरुस्ती

अहवाल संपल्यावर. ३० सप्टेंबरला तुमची धावपळ थांबते आणि ईएसयू १३ ऑक्टोबरपर्यंत आहे, मधल्या दिवसांत निवांत करा. क्लोन मात्र या रविवारीच करून घ्या, त्यासाठी थांबू नका. आतल्या मशीनची नेटची केबलही आजच काढा, अहवालाला नेट लागत नाही.

रॅम डेस्कटॉपची डीडीआर४, २४०० किंवा २६६६ कोणतीही चालेल, तो प्रोसेसर तिला २४०० वरच चालवणार. घेण्याआधी कॅबिनेट उघडून दुसरा स्लॉट मोकळा आहे का बघा. असेल तर आत्ताची ४ जीबी काढू नका, ८ ची त्याच्या शेजारी लावा, १२ होईल.