मोबाइल काढून घेतला की झालं?

दोघांनी सल्ला दिलाय, इंदूरच्या भंवरकुआं भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या मुलाचा मोबाइल काढून घ्या, ताळ्यावर येईल. तसं होत नाही हो, मित्रांशी बोलणंही तुटतं. आधी झोप सावरा: 13 ते 18 वयात 8 ते 10 तास लागतात. उठायची वेळ रविवारीही तीच. गजराचं साधं घड्याळ घेऊन द्या, म्हणजे फोन उशाशी लागत नाही. रोज टेस्टचे मार्क विचारण्याआधी 'कोणाबरोबर जेवलास?' विचारा, सारखं 'एकटाच' आलं तर भेटून या. उदासी, चिडचिड दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 चोवीस तास, फुकट आहे.